‘द टर्न ऑफ द स्क्रू’ : एका अभिजात भूतकथेतील मध्यमवर्गीय प्रतिष्ठा आणि स्त्रीचे स्थान

प्रस्तावना

हेन्री जेम्स (१८४३-१९१६) हा जन्माने अमेरिकन. परंतु त्याच्या आयुष्याचा मोठा काळ इंग्लंडमध्ये गेला. त्याची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही दीर्घकथा ‘कॉलियर्स वीकली’ या अमेरिकन साप्ताहिकात २७ जानेवारी ते १६ एप्रिल १८९८ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ‘द टू मॅजिक्स’ या पुस्तकात समाविष्ट झाली. इंग्रजीत भूतकथांना तोटा नाही. तथापि या कथेइतकी चर्चा फार थोड्या भूतकथांच्या वाट्याला आली. ही चर्चा प्रामुख्याने एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : कथेतील भुते खरी, की ती ज्या स्त्रीला दिसतात तिच्या मनाचा तो खेळ? या वादात समीक्षकांच्या दोन-तीन पिढ्या गुंतल्या. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र निराळेच प्रश्न उभे राहतात. भुते जिला दिसतात ती स्त्री कोण आहे? तिला वेतन कोण देतो? आणि ते कोणत्या अटीवर देतो?

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये पांढरपेशा स्त्रीला प्रतिष्ठा न गमावता करता येईल असा जवळजवळ एकच व्यवसाय होता. तो म्हणजे श्रीमंताच्या घरी राहून त्याच्या मुलांना शिकविणे. अशा स्त्रीला ‘गव्हर्नेस’ म्हणत. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, कारण ती व्यक्तीच आपल्या समाजरचनेत नव्हती. ती पंतोजी नव्हे, दाई नव्हे आणि घरातली विधवा आत्याही नव्हे. या तिघांच्या कामांचा काही काही अंश तिच्याकडे असे आणि मान मात्र कोणाचाच नसे. प्रस्तुत लेखात या व्यवसायाच्या इतिहासाच्या आधारे ‘द टर्न ऑफ द स्क्रू’चे वाचन केले आहे. या कथेतील भुते सामाजिक दर्जाच्या सीमारेषांवर उभी आहेत आणि त्या सीमारेषा राखण्याचे काम अत्यल्प अधिकार असलेल्या एका तरुण स्त्रीवर सोपविले गेले आहे, असे या वाचनातून दिसून येते.

कथेचे सूत्र

नाताळच्या सुमारास एका जुन्या घरात शेकोटीभोवती मंडळी जमली आहेत. भुतांच्या गोष्टी चालू आहेत. डग्लस नावाचा गृहस्थ आपल्याजवळ एक हस्तलिखित असल्याचे सांगतो. ते त्याच्या बहिणीच्या गव्हर्नेसने लिहिलेले असते. ती वारून वीस वर्षे झालेली असतात. डग्लसपेक्षा ती दहा वर्षांनी मोठी होती, आणि त्याने तिच्या तोंडून ही हकीकत ऐकल्यालाही फार काळ लोटला आहे. या हिशेबाने कथेतील प्रसंग एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या आसपास घडलेले मानता येतात. ही कालगणना पुढे महत्त्वाची ठरते.

हँपशरमधील एका गरीब पाद्र्याच्या अनेक मुलींपैकी ही सर्वांत धाकटी. वय वीस. वृत्तपत्रातील जाहिरात पाहून ती लंडनला हार्ले स्ट्रीटवरील एका देखण्या, श्रीमंत, अविवाहित गृहस्थाला भेटते. त्याचा धाकटा भाऊ सैन्यात होता. तो आणि त्याची पत्नी हिंदुस्थानात मरण पावल्यामुळे माइल्स व फ्लोरा या त्यांच्या मुलांचे पालकत्व या काकाकडे आले आहे. मुले एसेक्समधील ब्लाय या त्याच्या वाड्यात राहतात. वेतन तिच्या अपेक्षेपेक्षा बरेच जास्त असते, पण त्याला एक अट जोडलेली असते : तिने काकाला कधीही, कोणत्याही कारणाने त्रास द्यायचा नाही. तक्रार नको, विनंती नको, पत्र नको. या अटीमुळेच आधीच्या उमेदवार स्त्रियांनी नकार दिलेला असतो. ही तरुणी होकार देते. काकाशी तिची भेट एकंदर दोनदाच होते.

ब्लाय येथे मिसेस ग्रोस ही निरक्षर, प्रेमळ हाउसकीपर तिला भेटते. माइल्सला शाळेतून काढून टाकल्याचे पत्र येते. त्याचे कारण कोणी सांगत नाही. पुढे गव्हर्नेसला दोन मृत व्यक्ती दिसू लागतात. एक काकाचा पूर्वीचा खासगी सेवक पीटर क्विंट आणि दुसरी पूर्वीची गव्हर्नेस मिस जेसेल. ही दोघे मुलांसाठी आली आहेत अशी तिची खात्री होते. अखेर फ्लोरा आजारी पडते, मिसेस ग्रोस तिला घेऊन लंडनला जाते आणि माइल्स गव्हर्नेसच्या मिठीत प्राण सोडतो. कथा तेथेच थांबते.

गव्हर्नेस : एका व्यवसायाची घडण

कथेतील प्रसंगांचा जो काळ वर मानला आहे, नेमक्या त्याच काळात गव्हर्नेसचा प्रश्न इंग्लंडमध्ये सार्वजनिक चर्चेचा विषय झाला होता. १८४३ मध्ये अडचणीतील गव्हर्नेसना मदत देण्यासाठी ‘गव्हर्नेसेस बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन’ ही संस्था कार्यरत झाली. गव्हर्नेसना रीतसर शिक्षण मिळावे या हेतूने एफ. डी. मॉरिस यांच्या पुढाकाराने १८४८ मध्ये क्वीन्स कॉलेज स्थापन झाले, तेही हार्ले स्ट्रीटवर. १८५३ मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी आजारी सुशिक्षित स्त्रियांसाठीच्या ज्या रुग्णगृहाची सूत्रे हाती घेतली तेही अप्पर हार्ले स्ट्रीटवरच होते आणि तेथील रुग्णांत गव्हर्नेसची संख्या बरीच होती. जेम्सने काकाचे घर याच रस्त्यावर का ठेवले हे सांगता येत नाही. तो योगायोग असू शकेल. पण गव्हर्नेसला कामावर ठेवणारा आणि गव्हर्नेसच्या हालअपेष्टांवर उपाय शोधणारे शेजारी-शेजारी राहत होते, ही वस्तुस्थिती नोंदण्यासारखी आहे.

१८५१ च्या जनगणनेत ब्रिटनमध्ये पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या पाच लाखांहून अधिक भरली. विवाह हेच मध्यमवर्गीय स्त्रीचे एकमेव जीवितकार्य मानणाऱ्या समाजाला हा आकडा अस्वस्थ करणारा होता. डब्ल्यू. आर. ग्रेग यांनी १८६२ मध्ये लिहिलेल्या गाजलेल्या निबंधाच्या शीर्षकातच अशा स्त्रियांना ‘अतिरिक्त’ ठरविले होते. याच जनगणनेत गव्हर्नेस म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया वीस हजारांहून अधिक होत्या. घरकाम करणाऱ्या स्त्री-नोकरांची संख्या त्या वेळी साडेसात लाखांहून अधिक होती. त्या मानाने हा आकडा अगदी किरकोळ. तरीही चर्चा झाली ती गव्हर्नेसची. स्वयंपाकघरातल्या मुलीचे हाल हे तिचे प्राक्तन समजले जाई. पाद्र्याच्या मुलीचे हाल पाहताना मात्र प्रत्येक पांढरपेशा बापाला आपली मुलगी आठवत असे.

वेतनाचा प्रश्न वेगळाच होता. शार्लट ब्राँटी हिला १८४१ मध्ये एका व्यापाऱ्याच्या घरी वर्षाला वीस पौंड मिळत आणि त्यांतून धुलाईचे चार पौंड कापले जात. हाती सोळा पौंड राहत. बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनकडे वार्षिकीसाठी अर्ज करणाऱ्या वृद्ध स्त्रिया आयुष्यभर दुसऱ्यांची मुले शिकवूनही कफल्लक झालेल्या असत.

एलिझाबेथ रिग्बी (पुढे लेडी ईस्टलेक) यांनी डिसेंबर १८४८ च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’, ‘जेन एअर’ आणि या संस्थेचा अहवाल यांचे एकत्रित परीक्षण केले. दोन कादंबऱ्या आणि एक अहवाल एकाच लेखात घ्यावेत, यावरूनच हा प्रश्न त्या काळी किती तीव्र होता ते दिसते. रिग्बी यांच्या प्रतिपादनाचा आशय असा की, गव्हर्नेस जन्माने, संस्काराने आणि शिक्षणाने मालकिणीच्या बरोबरीची असली पाहिजे. कमीपणा असावा तो केवळ पैशाचा. म्हणजे तिचे दारिद्र्य ही तिची पात्रताच होती. बाप दिवाळखोर झाला, निष्काळजी निघाला किंवा लवकर वारला तरच अशी स्त्री बाजारात उपलब्ध होणार. रिग्बी यांना गव्हर्नेसविषयी सहानुभूती होती, पण तिला कुटुंबाच्या बरोबरीने वागवावे असे त्यांनाही वाटत नव्हते. एम. जीन पीटरसन यांनी १९७० मध्ये लिहिलेल्या निबंधात या स्थितीला दर्जाची विसंगती म्हटले आणि ती संज्ञा पुढे रूढ झाली. घरंदाज स्त्री वेतनासाठी काम करीत नाही. जी करते ती घरंदाज राहत नाही. गव्हर्नेस हे दोन्ही एकाच वेळी होती. ती मालकांच्या पंक्तीत अवघडून बसे आणि नोकरांच्या पंक्तीत तिला बसता येत नसे. नोकर तिचा मत्सर करीत, पाहुणे तिच्याशी बोलणे टाळीत. वेड्यांच्या इस्पितळांत गव्हर्नेसचा भरणा मोठा असतो असे त्या काळी वारंवार म्हटले जाई.

बिशपची गोष्ट आणि जेम्सची भर

कथेचे बीज जेम्सला मिळाले ते कँटरबरीचे आर्चबिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांच्याकडून, १० जानेवारी १८९५ रोजी. त्याच्या अवघे पाच दिवस आधी लंडनमध्ये त्याचे ‘गाय डॉम्व्हिल’ हे नाटक पडले होते आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली होती. १२ जानेवारीला त्याने ही गोष्ट आपल्या टिपणवहीत नोंदविली. त्या नोंदीत आईबाप वारलेली मुले आहेत, जुना वाडा आहे आणि मुलांना बिघडविणारे दुष्ट नोकर आहेत. नोकर मरतात आणि त्यांची भुते मुलांना बोलावू लागतात. गोष्ट कोणा बाहेरच्या साक्षीदाराने सांगावी एवढे जेम्स सुचवितो, पण त्या नोंदीत गव्हर्नेस नाही. काकाची अटही नाही.

म्हणजे आर्चबिशपांच्या गोष्टीत दोनच बाजू होत्या, वर निष्पाप घरंदाज मुले आणि खाली भ्रष्ट नोकरवर्ग. उच्चवर्गीयांच्या दिवाणखान्यात सांगितली जाणारी भूतकथा अशीच असणार. जेम्सने मध्ये एक माणूस घातला. इतकेच नव्हे, तर दोन भुतांपैकी एकाला नोकरांच्या ओळीतून उचलून त्याने गव्हर्नेस केले. तीन वर्षांनी छापली गेलेली कथा आणि ही टिपणवही शेजारी ठेवली की जेम्सची खरी भर कोणती ते उघड होते. भुते त्याला मिळालेली होती. मध्यमवर्ग त्याने आणला.

भुतांविषयीचे कुतूहल त्या काळात शास्त्रीय चौकशीचे रूप घेत होते. ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ १८८२ मध्ये स्थापन झाली होती आणि जेम्सचा भाऊ, मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स, १८९४-९५ मध्ये तिचा अध्यक्ष होता. तथापि या संस्थेच्या अहवालांतील भुते बहुधा निरुद्देश फिरणारी असतात. क्विंट आणि जेसेल यांच्या हेतूंत मात्र संदिग्धता नाही, निदान गव्हर्नेसच्या लेखी तरी नाही.

टोपी, जाकीट आणि लेखनाचे मेज

क्विंट पहिल्यांदा दिसतो तो संध्याकाळी मनोऱ्यावर. गव्हर्नेस त्या वेळी एकटी फिरत असते आणि वाटेत अचानक कोणी भेटावे, त्याने आपल्या कामाकडे पाहून प्रसन्न हसावे, अशी कल्पना करीत असते. तो कोणी म्हणजे अर्थातच हार्ले स्ट्रीटवरचा मालक. तिच्या कल्पनेतल्या पुरुषाच्या जागी दुसराच पुरुष उभा राहतो. त्याच्याविषयी तिच्या लक्षात राहते ती गोष्ट म्हणजे त्याच्या डोक्यावर टोपी नाही. बोडक्या डोक्याने बाहेर फिरणारा माणूस घरचाच असला पाहिजे किंवा अत्यंत उद्धट. आणि घरचा तर तो नाही.

दुसऱ्यांदा तो रविवारी, भोजनगृहाच्या खिडकीबाहेर दिसतो. त्यानंतर मिसेस ग्रोसला ती त्याचे वर्णन करून सांगते : तांबडे कुरळे केस, फिकट चेहरा, नटासारखा दिसणारा. मिसेस ग्रोस विचारते, सभ्य गृहस्थ होता का? गव्हर्नेस ठासून नकार देते. कपडे मात्र झोकदार होते. पण ते त्याचे स्वतःचे नव्हते. मिसेस ग्रोस ओळखते : ते मालकाचे होते. क्विंट जिवंत असताना मालकाची काही जाकिटे नाहीशी झाली होती.

या संभाषणाकडे सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याची गरज आहे. मेलेल्या माणसाची ओळख पटते ती त्याच्या अंगावरील उसन्या प्रतिष्ठेवरून. भूत पाहून घाबरलेल्या दोन स्त्रियांचा पहिला प्रश्न तो जिवंत की मृत हा नसून तो ‘जंटलमन’ की नाही, हा आहे. क्विंट मेला तोही दारू पिऊन गुत्त्यातून परतताना, बर्फाळ उतारावर पाय घसरून; म्हणजे पांढरपेशा कल्पनेनुसार खालच्या वर्गातल्या माणसाने जसे मरावे तसा. जिवंतपणी त्याने आपली पायरी सोडली होती. तो सर्वांशीच फार मोकळेपणाने वागत असे, ही मिसेस ग्रोसची त्याच्याविषयीची मुख्य तक्रार आहे. याहून स्पष्ट आरोप कथेत कोठेच नाही. मुलांच्या बाबतीत नेमके काय घडले हे जेम्स सांगत नाही. वाचकाने आपापल्या मनातले पाप तेथे भरावे यासाठीच आपण ते मोकळे ठेवले, असा खुलासा त्याने १९०८ च्या प्रस्तावनेत केला आहे. पण ज्या एका शब्दावर सारी भीती उभी आहे तो ‘मोकळेपणा’ हा शब्द दर्जाच्या व्यवहारातला आहे.

मिस जेसेलची गोष्ट अधिक हृदयद्रावक आहे. ती घरंदाज होती. क्विंट तिच्या कितीतरी खालचा. दोघांत संबंध होते. एके वर्षी ती सुट्टीवर घरी गेली ती परत आली नाही, मेल्याची बातमी तेवढी आली. कारण कोणाला ठाऊक नाही. मिसेस ग्रोसला ते जाणून घ्यायचेही नव्हते. ब्लायमध्ये तिला राहता येणे शक्यच नव्हते, एका गव्हर्नेसला असे काही कसे शोभणार, एवढेच ती सुचविते. त्या काळचा वाचक यातून गर्भारपण आणि त्याचा शेवट समजून गेला असणार. एकाच अपराधाची दोघांची किंमत वेगळी आहे. क्विंट संबंध उघड असतानाही मालकाच्या विश्वासातला राहिला आणि घरावर हुकूम चालवीत राहिला. जेसेलला जावे लागले. वर्गाने वर असलेली स्त्री लिंगभावाच्या नियमाने खाली गेली.

कथेतील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग यानंतरचा, अभ्यासखोलीतला आहे. एका रविवारी चर्चच्या दारातून गव्हर्नेस एकटीच परत फिरते. नोकरी सोडून निघून जावे असा विचार तिच्या मनात असतो. ती जिन्यावर मटकन बसते आणि तिच्या ध्यानात येते की आपण नेमके तेथेच बसलो आहोत जेथे महिन्याहून अधिक काळापूर्वी मिस जेसेल हाताच्या ओंजळीत डोके घालून बसलेली दिसली होती. उठून ती अभ्यासखोलीत जाते. तिच्या स्वतःच्या मेजाशी एक स्त्री बसलेली आहे. आधीचा अनुभव नसता तर ही कोणी मोलकरीण असून मालकांच्या गैरहजेरीत शाई-कागद वापरून आपल्या प्रियकराला पत्र लिहिण्याचा प्रयत्न करते आहे असे वाटले असते, अशी कबुली गव्हर्नेस देते. मग ती स्त्री उठते. काळ्या वेशातली, खंगलेली मिस जेसेल. तिच्या नजरेतून गव्हर्नेसला जाणवते की या मेजावर तिचाही तेवढाच हक्क आहे. क्षणभर आपणच येथे घुसखोर आहोत असे तिला वाटून जाते.

जेसेल घरंदाज स्त्री होती हे गव्हर्नेसला एव्हाना पक्के माहीत आहे, तरीही पाठमोरी बसलेली ती तिला मोलकरणीसारखी दिसते. म्हणजे गव्हर्नेस आणि मोलकरीण यांच्यातले अंतर, जे राखण्यासाठी रिग्बी यांच्यासारख्या लेखिकेने पाने खर्ची घातली, ते खांद्यांच्या एका बाकावर तुटून पडते. आणि त्या मेजाशी उद्या कोणीही बसू शकते. आज वीस वर्षांची असलेली ही पाद्र्याची मुलगी तेथे बसली आहे. तिच्या आधी जेसेल बसत होती. भूत म्हणजे येथे पूर्वसूरी आहे. गव्हर्नेस तिच्यावर किंचाळते, तेव्हा खोलीत दुसरे कोणी राहत नाही.

बारक्या मालकाचा अधिकार

माइल्स पुरता दहा वर्षांचाही नाही. गव्हर्नेसला तो ‘माय डिअर’ म्हणतो. शिकणाऱ्या मुलाने शिकविणाऱ्या स्त्रीला असे संबोधणे तिला गोड वाटते आणि खुपतेही. सतत एका बाईच्या सहवासात राहणे पुरुषाला कसे जमेल, असे तो चर्चच्या वाटेवर तिला ऐकवतो. आपल्यासारख्यांच्यात परत जाण्याची इच्छा बोलून दाखवतो. त्या दिवशी त्याच्या अंगावर काकाच्या शिंप्याने बेतलेले सुंदर जाकीट आहे आणि ते पाहून गव्हर्नेस मनाशी मान्य करते की, पुरुष म्हणून आणि मालकवर्गातला म्हणून याचे स्वातंत्र्य त्याच्या पोशाखावरच उमटले आहे. त्याने ते मागितले तर आपल्याजवळ उत्तर नाही. जाकीट येथे दुसऱ्यांदा आले आहे. क्विंटच्या अंगावर ते चोरीचे ठरले, माइल्सच्या अंगावर ते जन्मसिद्ध आहे. वस्त्र तेच, अंग वेगळे.

मिसेस ग्रोसने पूर्वी माइल्सला समज दिली होती की लहान मालकांनी आपली पायरी विसरू नये, क्विंटबरोबर फार हिंडू नये. त्यावर माइल्सने जे उत्तर दिले ते तिच्या जिव्हारी लागले. तूही चाकरच आहेस, असे तो म्हणाला असला पाहिजे, हे गव्हर्नेस ताबडतोब ओळखते. इतक्या चटकन तिने ते ओळखावे, यात तिच्या स्वतःच्या भीतीचा किती वाटा असेल?

मिसेस ग्रोसला वाचता येत नाही. शाळेचे पत्र गव्हर्नेस तिच्या हाती देऊ पाहते तेव्हा ती दोन्ही हात पाठीमागे नेते. हा प्रसंग लहान असला तरी तो दोघींमधली उतरंड निश्चित करतो. पुढे मिसेस ग्रोसला मालकाला काही कळवायचे असले तर कारभाऱ्याकडून लिहून घ्यावे लागते हे कळल्यावर गव्हर्नेसच्या बोलण्यात बोचरेपणा येतो. अक्षरओळख हेच तिचे भांडवल आहे. ज्या भांडवलावर वर्षाचे वेतन मिळते त्याविषयी माणूस हळवा असतोच. गंमत अशी की, लिहिता येणाऱ्या स्त्रीला लिहायला बंदी आहे आणि लिहिता न येणारीने लिहून कळविले तर ते चालेल. अखेर गव्हर्नेस काकाला पत्र लिहिते. माइल्स ते चोरतो, उघडतो. त्यात भेटीच्या विनंतीखेरीज काहीच नसते.

न येणारा मालक

ब्लायवर जे जे घडले त्याचे मूळ शोधू लागले की वाट एकाच घराकडे जाते. क्विंटला ब्लायला पाठविले काकाने, प्रकृतीसाठी हवापालट म्हणून. त्याच्यावर विश्वास टाकून सारा अधिकार त्याच्या हाती दिला तोही काकाने. मिसेस ग्रोसने तक्रार का केली नाही? कारण मालकाला तक्रारी आवडत नसत. जेसेलने कोणाकडे दाद मागायची होती? आणि नव्या गव्हर्नेसला तर नियुक्तीच्या वेळीच तोंड बंद ठेवण्याची किंमत वेतनात जोडून दिलेली होती. सद्गृहस्थाच्या मनःशांतीला धक्का लागू नये ही या घराची पहिली आज्ञा आहे. मुलांची सुरक्षितता तिच्या नंतर येते. माइल्सने एकदा विचारले, तुला जे वाटते तेच काकांनाही वाटते का? काकांना फारसे काही वाटते असे मला वाटत नाही, असे गव्हर्नेसने उत्तर दिले. कथेतील हे तिचे सर्वांत धीट वाक्य म्हणावे लागेल.

हा काका दुष्ट नाही. तो उमदा, हसतमुख, उदार आहे. ती काम पत्करते तेव्हा तो तिचा हात हातात घेऊन तिच्या त्यागाबद्दल आभार मानतो आणि तेवढ्याने तिला भरून पावल्यासारखे वाटते. तिच्या घरून चिंताजनक पत्रे येत आहेत, वडील विक्षिप्त आहेत, भावंडे अनेक आहेत. ब्लायला आल्यावर तिने आयुष्यात प्रथमच डोक्यापासून पायापर्यंत स्वतःला आरशात पाहिले. पाद्र्याच्या घरी तेवढा मोठा आरसाच नव्हता. अशा मुलीला एका श्रीमंत पुरुषाची कृतज्ञता पुरेशी वाटणे स्वाभाविक होते. तिने ती जबाबदारी कर्तव्य म्हणून, जवळजवळ व्रत म्हणून स्वीकारली. कॉव्हेंट्री पॅटमोरच्या १८५४ नंतर प्रसिद्ध झालेल्या दीर्घकाव्याने लोकप्रिय केलेली गृहदेवतेची प्रतिमा ती हीच. फरक एवढाच की, हे गृह तिचे नाही आणि देवतेला दर तिमाहीला पगार मिळतो. परक्या घराचे पावित्र्य राखण्याचा तिचा अट्टाहास शेवटी माइल्सच्या जिवावर बेततो. तिचा दोष लपविण्याचे कारण नाही. मुलाला कबुलीजबाबासाठी तिने ज्या रीतीने घेरले ते वाचवत नाही. पण ती एकटीच आरोपीच्या पिंजऱ्यात का उभी राहिली?

समीक्षेने तिला तेथे उभे केले हे याचे उत्तर आहे. एडमंड विल्सन यांनी १९३४ मध्ये ‘हाउंड अँड हॉर्न’ या नियतकालिकात भुते ही दडपलेल्या कामवासनेने ग्रस्त गव्हर्नेसची भ्रमनिर्मिती असल्याचे मत मांडले. एडना केंटन यांनी १९२४ मध्येच त्या दिशेने सूचन केले होते. विल्सन यांच्या लेखनाने कथेचे वाचन बदलले हे निःसंशय. तथापि, गव्हर्नेस आणि वेड यांची जी सांगड १८४० च्या दशकातील लेखक सहानुभूतीने घालीत, तीच येथे फ्रॉइडच्या परिभाषेत परत आली. निदान झाले आणि रोगी ठरला. त्या रोग्याला कामावर ठेवणाऱ्याची चौकशी राहून गेली. मेरी पूवी यांनी १९८८ मध्ये व कॅथ्रिन ह्यूज यांनी १९९३ मध्ये गव्हर्नेसचा इतिहास नव्याने मांडल्यानंतर या कथेकडे कामगार स्त्रीची हकीकत म्हणून पाहण्यास भक्कम आधार मिळाला आहे.

जेम्सला याची कितपत जाणीव होती? १८९८ मध्ये गव्हर्नेसचा व्यवसाय उतरणीला लागला होता. गर्टन कॉलेजला (१८६९) जवळजवळ तीन दशके झाली होती, मुलींच्या माध्यमिक शाळा सर्वत्र निघाल्या होत्या आणि कचेऱ्यांत टंकलेखिका दिसू लागल्या होत्या. जेम्स स्वतः त्या सुमारास लिहिणे सोडून सांगू लागला होता. त्याचा पहिला टंकलेखक पुरुष होता. १९०१ मध्ये त्या खुर्चीवर मेरी वेल्ड आली आणि १९०७ मध्ये थिओडोरा बोसांके. मध्यमवर्गीय स्त्रीचे मेज अभ्यासखोलीतून कचेरीत सरकले होते. जेम्सने मात्र घड्याळ पन्नास वर्षे मागे नेऊन पाद्र्याच्या मुलीला पुन्हा त्या वाड्यात पाठविले, आणि तिला नाव दिले नाही.

तिचे हस्तलिखित वाचले जाणार म्हणून शेकोटीभोवतीच्या मंडळींची उत्सुकता ताणली गेली, तेव्हा त्यांतील एका बाईंचा प्रश्न होता : ती कोणाच्या प्रेमात होती? तिला पगार किती होता किंवा तिने मदतीसाठी कोणाला हाक का मारली नाही, हे कोणी विचारीत नाही. डग्लस तिची स्तुती करतो तीही तिच्या स्थितीतल्या स्त्रियांत ती सर्वांत लाघवी होती, अशी. माइल्सच्या मृत्यूनंतर तिला पुन्हा गव्हर्नेस म्हणूनच काम मिळाले, डग्लसच्याच घरी. वाचलेली फ्लोरा काकाकडे पोहोचली एवढेच आपल्याला कळते. लहान वयाची, अनाथ, श्रीमंत घरातली मुलगी. तिला वाचायला, पियानो वाजवायला आणि नीट बसायला शिकविणारी कोणीतरी लागणारच होती. हार्ले स्ट्रीटवरून वर्तमानपत्राकडे पुन्हा एकदा जाहिरात गेली असणार.